फ्यूजवाल्या मॅडम

टवटवीत झाड दाखवलं की आमच्या मॅडम चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "छान. आता बिघडलेलं दाखव." परळच्या आमच्या संशोधन संस्थेत त्यांना पाठीमागे सगळे फ्यूजवाल्या मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

नाव त्यांनीच ओढवून घेतलं होतं. सदाफुलीच्या पानांतून कॅन्सरचं औषध निघतं, पण ढीगभर पाल्यातून चिमूटभर. झाड ते बनवतं कसं, हे शोधायला मॅडम त्याचं एकेक जनुक कापून निकामी करत. नव्या विद्यार्थ्याला सांगत, "नायगावला आमच्या चाळीत कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, कुणाला पत्ता नसायचा. एक काढायचा नि ओरड कुठून येते ते ऐकायचं. इथं तेच करतो आपण."

कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर एक सदाफुली हाती लागली. पिवळट, खुरटी, आणि औषधाचा तिच्यात मागमूस नाही. म्हणजे नेमकं जनुक सापडलं होतं! झाड एकच, बी अजून धरायचं होतं आणि मॅडमची निवृत्ती तोंडावर. मी म्हटलं, "मॅडम, एक फांदी घरी गॅलरीत लावा ना. कोणाला कळतंय?" त्या भडकल्याच. "जनुक बदललेलं झाड दाराबाहेर न्यायचं नाही. नियम म्हणजे नियम, कळलं का रे?"

मग दिल्लीचे पाहुणे यायचे ठरले. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे भिंतींना रंग नि कुंड्यांना गेरू. संचालक काचघरात आले, कुंडीवरची पाटी न वाचताच म्हणाले, "ही मेलेली झाडं काढा." सदाफुली त्याच दुपारी नष्ट झाली. तिच्या जागी दादरच्या बाजारातल्या गुलाबी फुलांच्या कुंड्या आल्या. फोटो झकास निघाले. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. नियम पाळणारीचं झाड गेलं, आणि ज्यांना साधी पाटी वाचवेना त्यांच्या गळ्यात हार!

निरोप समारंभात संचालकांनी मॅडमच्या हातात काय ठेवावं? त्यातलीच एक कुंडी. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, एक फ्यूज तुम्हीही काढलात. ओरड ऐकू आली का?" मॅडमनी कुंडी टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

ते जनुक मी पुन्हा पहिल्यापासून कापायला घेतलंय. काचघराला आता कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात. पाहुणे आले की संचालक ती मागतात. मी देत नाही.