तिसऱ्या बाईचा डोळा

“हिला डोळा कधी नव्हताच,” खालून गुरुजी म्हणाले.

मी परांचीवर बसले होते. ते सरांना सांगत होते, मला नाही. देऊळ पेशवाईतलं, सभामंडपाच्या भिंतीवर पालखी बघायला उभ्या राहिलेल्या बायकांची रांग रंगवलेली आहे, सगळे चेहरे एका बाजूने, एकच डोळा दिसेल असे. ती चित्रं साफ करायचं काम सरांकडे आलं होतं आणि तिसरी बाई माझ्या वाट्याला. दिव्याच्या काजळीने तिचा चेहरा इतका झाकला होता, की आमच्या सुरुवातीच्या फोटोत तिथे नुसता काळा डाग दिसतो.

डोळा होता. आदल्या दुपारी ओल्या कापसाने काजळी काढताना तो वर आला. बाकीच्या बायका पालखीकडे बघत होत्या. ही मागे, रांगेबाहेर बघत होती. तिकडे भिंतीवर काहीच नव्हतं. ती घाबरली आहे असं मला वाटलं. नीट दिसावं म्हणून मी कापूस आणखी एकदा फिरवला, आणि डोळा कापसावर आला.

प्रत्येक रंग आधी कडेला जरासा तपासायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी लुगड्याचा लाल तपासला, तो पक्का निघाला, आणि तेवढ्यावर पुढे गेले. पण या भिंतीवर चित्रकाराने डोळे अगदी शेवटी, सगळं सुकल्यावर, डिंकात कालवलेल्या काजळीने काढले होते. दिव्याची काजळी आणि डोळ्याची काजळी, कापसाला दोन्ही सारख्याच. तो कापूस मी रुमालात गुंडाळून घरी नेला. टाकवला नाही.

“नक्की नव्हता?” सरांनी विचारलं.

“अहो, पन्नास वर्षं पूजा करतोय इथे. आंधळीच म्हणायचो आम्ही तिला.”

देवळाचे विश्वस्त बाकावर पेपर वाचत होते. “पन्नास वर्षांत देवाकडे कमी आणि भिंतीवरच्या बायकांकडे जास्त बघितलेलं दिसतंय तुम्ही.”

“आणि तुम्ही नाही बघितलंत?”

“बघितलं की. म्हणून तर सांगतो, नव्हताच डोळा.”

दोघंही खोटं बोलत नव्हते. आपण पाहिलं नाही म्हणजे नव्हतं, असं माणसं सहज धरून चालतात. मलाही त्या दिवशी तसंच धरून चालायचं होतं. सर वहीत लिहू लागले: ‘तिसरी आकृती. डोळा पूर्वीपासून नष्ट.’ ते एकदा अहवालात गेलं की माझी चूक संपणार होती. डोळाही. हयात माणसांत तो फक्त मी पाहिला होता, जेमतेम अर्धं मिनिट.

माझी शाळा इंग्रजी. मराठी वाक्य मी आधी मनात जुळवते आणि तोवर बहुतेक वेळा विषय बदललेला असतो. ही सवय मला नेहमी उपयोगी पडत आली आहे. त्या दिवशी माझं वाक्य जुळून तयार होतं आणि विषय तिथेच होता. सरांनी पूर्णविराम दिला. पान उलटायला बोट ओलं केलं.

“सर, डोळा होता,” मी म्हणाले. “काल मी पुसला. ती मागे बघत होती.”