लाल निशाणाखालचा विस्तव

मुलांनो, नोकरीत पाहिलेल्या चोऱ्या-मारामाऱ्या मी बहुतेक विसरले. पण चिंचवडच्या पेट्रोल डेपोमागे खापरात ठेवलेला तो विस्तव अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नावं कुणाचीच सांगत नाही. त्या लोकांची नातवंडं तिथेच नांदत असतील.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पोलीस जमादार होते. पिंपरीच्या निर्वासित वसाहतीतल्या बायकांच्या तक्रारी घेण्यासाठी माझी नेमणूक झाली होती. इंग्रजी शिकलेली म्हणून पेट्रोलचे नियमही फौजदार माझ्याकडूनच वाचून घेत, आणि तेच त्यांना खुपत असे. "कायदा तुम्ही वाचा, बाई, तपास आमच्यावर सोडा," असं चारचौघांत हसून म्हणत.

मुंबई बंदरात जहाजातून उतरलेलं पेट्रोल रेल्वेच्या वाघिणींतून चिंचवडला येई आणि डेपोच्या टाक्यांत उतरे. नियम इंग्रजांनी बंदरासाठी केलेले, तेच इथे चालत. वाघिणीचं झाकण उघडण्याआधी लाल निशाण चढवायचं. निशाण वर आहे तोवर कुंपणालगत विडी, कंदील, चूल, काहीही पेटतं ठेवायचं नाही. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती जमिनीलगत पसरते आणि विस्तव सापडला की आग उलटी वाघिणीपर्यंत धावत येते.

कुंपणालगत डेपोने आपल्या मुकादमाला दिलेलं घर होतं, आणि कुंपणापलीकडे जुन्या शेतकऱ्यांची दहाबारा घरं. निशाण चढलं की तिथल्या बायका चुलीवर पाणी मारीत. भाकरी कच्ची राहिली तर राहिली.

एका दुपारी त्यांतली एक बाई चौकीत आली. तिचा नवरा डेपोत खलाशी होता. वाघिणीवर चढून झाकण उघडायचं त्याचं काम. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, "मुकादमाच्या घरामागं ईस्तू हाय. लाकडाच्या ढिगाआड, खापरात. निशान वर हाय आन त्याच्या बायकूची चूल चालूच. आमी तेवढं पानी मारायचं व्हय?"

आम्ही सायकली दामटत गेलो. विस्तव सांगितल्या जागी होता. वर वाळू लोटली, पंच बोलावले, पंचनामा केला. डेपोच्या साहेबाने मुकादमाला जागीच कामावरून काढून संध्याकाळपर्यंत घर सोडायला सांगितलं. फौजदार त्याला चौकीत घेऊन आले. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंगही होता.

मुकादम कोकणातला, उमेदीची वर्षं बंदरात पेट्रोलच्या जहाजांवर घालवलेला. फौजदारांनी दरडावलं, समजावलं, पुन्हा दरडावलं. त्याचं एकच म्हणणं होतं. "साहेब, पेट्रोलचं जहाज धक्क्याला लागायच्या आधी त्यातल्या स्वयंपाकघराचा विस्तव विझवतात. मी तिथे वाढलेला माणूस. माझ्या घरात असं होणार नाही."

"घरात बायको असते," फौजदार म्हणाले. "तिला विचारा, बाई. तेवढं तुमचं काम."

तेवढंच करायला मी गेले. मुकादमाची बायको भांडी गोणपाटात बांधत होती. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'खापरात पेटते निखारे'. कसले निखारे, ते कुणी लिहिलं नव्हतं. वाळू बाजूला केली तर खाली गोवरीचा तुकडा होता, जळूनही आकार न मोडलेला. तिच्या चुलीत पाहिलं, तर पाण्याने भिजलेली राख आणि लाकडाचे काळे कोळसे. मी विचारलं, गोवऱ्या कुठे ठेवतेस? ती माझ्याकडे बघतच राहिली. "लाकडां असताना शेण कित्याक जाळू?" त्यांच्या गावी शेण सारवायला आणि खताला. गोवरीच्या धुराने तिचे डोळे चुरचुरत, म्हणून मुकादम मुद्दाम लाकूडच आणत असे.

म्हणजे विस्तव बाहेरून आला होता. मग मी कुंपणापलीकडे घरोघर जाऊन चुली पाहिल्या. सगळ्यांत गोवऱ्यांचीच राख होती, आणि सगळ्या ओल्या होत्या. एकच कोरडी होती, तक्रार करणारीची. तिने विस्तव विझवला नव्हता, उचलून नेला होता.

मी तिला ओट्यावर बसवलं आणि खापरातल्या गोवरीचं आणि कोरड्या चुलीचं सांगितलं. ती आधी तावातावाने भांडली, मग एकदम बोलू लागली. "निशान लावत्यात ना, तितं आमची जवारी हुती. डेपोवालं मुकादमकी आमच्या मालकाला देतो म्हनलं, आन दिली त्या कोकन्याला. आमच्याच रानात हुबा ऱ्हाऊन मला चूल इझव म्हनतो. वरनं मालक घरी येऊन सांगत्यात, मुकादमीन सार लई चवीचं करती."

"खापर ठेवलंस तेव्हा वाघिणीवर कोण होतं?" मी विचारलं.

तिने मान वळवून डेपोकडे पाहिलं. "आमचंच मालक."

"दिसत नव्हता?"

"न्हाई बाई. निशान बी दिसलं न्हाई, मालक बी न्हाई. तिची लाकडं तेवढी दिसत हुती. कशी नीट रचल्याली."

नवरा दारात उभा होता. निशाण उतरल्यावर जेवायला आलेला, कपड्यांना पेट्रोलचा वास. त्याने सगळं ऐकलं. न जेवताच परत फिरला.

मुकादमाला नोकरी आणि घर परत मिळालं. बाईने कोर्टात गुन्हा कबूल केला, तिला कोर्ट उठेपर्यंतची, नावापुरती कैद झाली. तपास फौजदारांच्या नावावर लागला, शाबासकीही त्यांनाच मिळाली. त्यांच्या सत्काराचा पेढा मी न खाताच कागदात गुंडाळून ठेवला. मत्सर काही त्या एका बाईपुरता नव्हता.

त्या प्रकरणाने मला चौकशीची एक रीत शिकवली. पुढे असूयेतून घडलेला गुन्हा समोर आला की 'तुझं कुणाशी वैर?' हे मी नंतर विचारी. आधी विचारी, 'तेव्हा तुझं स्वतःचं माणूस कुठे होतं?' बहुतेकांना उत्तर माहीत असे. त्या घटकेला ते त्यांना आठवलेलं नसे, एवढंच.

बदली होण्याआधी मी एकदा त्या वस्तीवर गेले होते. निशाण चढायच्या बेतात होतं. तो खलाशी डेपोतून घराकडे आला, चुलीपुढे बसला आणि राखेत हात घालून चाचपू लागला. ती भिंतीला टेकून बघत होती. राख थंड आहे अशी खात्री पटल्यावर तो उठला आणि वाघिणीवर चढायला गेला. शेजारीण म्हणाली, रोज असंच करतो.