सहावीचं पुस्तक, चौथीची मुलगी

तिसरी पास झाले आणि सांध्यांच्या तापानं मला गाठलं. वर्षभर अंथरूण सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुख्याध्यापक म्हणाले, घरी शिकवा, पुढच्या जूनमध्ये मी परीक्षा घेतो; जमली तर पाचवीत, नाहीतर चौथीत. चौथीत म्हणजे धाकट्या बहिणीच्या वर्गात. त्या विचारानं मला तापापेक्षा जास्त कापरं भरायचं.

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये होते. त्यांनी पुण्याहून मराठीचं पुस्तक आणलं, ते सहावीचं.

"माल नेहमी थोडा मोठाच घ्यावा," ते आईला म्हणाले. "घासून मापात आणता येतो. कमी पडला तर जोड देता येत नाही."

दोन इयत्तांचा जादा माल माझ्या अंगावर टाकून ते फर्स्ट शिफ्टला निघून गेले.

आई समोर बसायची आणि मी वाचायचे. वाचायचे कसलं, अडखळायचे आणि अडखळले की पाणी मागायचे. आजारानं डोकंही गेलं अशी माझी खात्री झाली आणि मी उशीत तोंड खुपसून रडायचे. आई काही दिवस नुसतीच बघत राहिली. मग तिनं वडिलांना सांगितलं, "ही दर ओळीला पाणी मागते. पुस्तक जड आहे."

"होईल सवय," वडील म्हणाले.

आईनं वाद घातला नाही. ती शेजारच्या काकूंकडे गेली. काकू मूळच्या चाकणकडच्या. "आमच्या पोरीचं चौथीचं हाय की," त्या म्हणाल्या. "पानं निघाल्यात जरा, पर धडे समदे हायेत."

तेव्हापासून आई भाजी निवडताना मी चौथीचं वाचू लागले. पाणी न मागता धडा संपला की पुढचा. मागितलं की तोच धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिकवण्याची तिची एवढीच रीत. वडिलांनी ते पाहिलं आणि सहावीचं पुस्तक फळीवर ठेवून दिलं.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी माझ्याकडून वाचून घेतलं, चार ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाले, "पाचवीत बसू दे." माझा जीव भांड्यात पडला. "छान तयारी करून घेतलीत," ते वडिलांना म्हणाले.

"मी नाही, हिनं," वडील म्हणाले. आई दारातच उभी होती.

"आपलं शिक्षण किती?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"चौथी," आई म्हणाली. "पुढचं मला येत नाही. आता तुम्ही बघा."