मोटार टेबलावर ठेवा

आमच्या घरी मोटार होती आणि ती चालू करायला आई होती.

म्हणजे किल्ली तात्यांकडे असायची. तात्या म्हणजे आमचे वडील, ते स्टेअरिंगवर. त्यांच्या शेजारच्या सीटवर मी, कारण मी कॉलेजात होतो. (इंदापूरला, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्यांदा.) आणि आई मागे. मागच्या सीटवर नव्हे, गाडीच्या मागे! पदर खोचून, दोन्ही हात डिकीला लावून ती रेटा द्यायची. गाडी खोकायची, धूर सोडायची आणि निघायची. मग आई पळत येऊन चालत्या गाडीत बसायची. तिच्यासाठी थांबायची सोय नव्हती. थांबलं की गाडी बंद, आणि आईला पुन्हा उतरावं लागणार, असा आमचा तिच्याविषयीचा कळवळा होता.

आमचं घराणं मूळचं मेंढरंवालं. आजोबांपर्यंत कळप होता. मग आमच्या गावात, बावड्यात, कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून ही मोटार आली, तीही दुसरं कुणीतरी वापरून वापरून कंटाळल्यावर. न चालणाऱ्या जनावराला मागून रेटायचं असतं, एवढं तात्यांना जन्मजात ठाऊक होतं. कुणी रेटायचं, हा प्रश्न त्यांना पडत नसे. मलाही पडत नसे.

आईचं माहेर पळसदेवला. दर भाऊबीजेला गाडी नेमकी गावाच्या तोंडाशी बंद पडायची. मामी दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या, आणि नणंदबाई गाडीच्या मागून येतायत, धुळीनं माखलेल्या, कमरेवर हात ठेवून. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच आईनं सांगून टाकलं, "औंदा मी माहेरी बसून जाणार. पार दारापत्तुर बसून. न्हाय तर जाणारच न्हाय."

आई कधी हट्ट करत नसे. त्यामुळं तात्या चांगलेच घाबरले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी कर्णा लावलेली एक जीप गावातून फिरून गेली. सरकारनं नव्या गाड्यांवरचा कर कमी केलाय, जुनी गाडी द्या, नवी घ्या, एक्स्चेंज मेळा, बारामती, शुक्रवार शेवटचा दिवस! एवढं ओरडून ती धुरळ्यात नाहीशी झाली.

"एक्सचेंज म्हंजी कुठं रं?" तात्यांनी मला विचारलं.

आता, आमच्या गावात एक्स्चेंज हा शब्द एकाच अर्थानं नांदत होता. फोन लागला नाही की लोक म्हणायचे, एक्सचेंज बंद हाय. शिवाय कॉलेजात गेलेल्या मुलानं 'मला माहीत नाही' म्हणायचं असतं, हे मला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"टेलिफोन ऑफिसात," मी म्हणालो.

"टेलिफोनवाल्यांचा गाड्यांशी काय संबंध?"

"तात्या, सरकारचीच सवलत, सरकारचंच ऑफिस. मतदान शाळेत होतं का न्हाय? शाळेचा आन मतपेटीचा काय संबंध?"

तात्यांनी शुक्रवारचं नक्की केलं. आई माझ्याकडं कौतुकानं बघत राहिली. ती नजर आठवली की मला आजही जेवण जात नाही.

शुक्रवारी निघालो. आईनं गाडी धुतली, बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि मागं जाऊन शेवटची म्हणून ढकलली. रस्त्यात काटेवाडीला एकदा शेवटची ढकलली. बारामतीत टेलिफोन ऑफिसच्या बरोब्बर फाटकात गाडी बंद पडली, ती आम्ही तिथंच राहू दिली. नाहीतरी द्यायचीच होती!

आत खिडकीशी बिल भरणाऱ्यांची रांग. तात्या सरळ बाजूच्या टेबलाशी गेले. तिथं एक मवाळ चेहऱ्याचे कारकून बसले होते.

"साहेब, जुनं देऊन नवं घ्यायचं हाय."

"मिळेल की बदलून. आणलंय का सोबत?"

"आणलंय. बाहीर हाय."

"चालू आहे का बंद?"

"चालू हाय. सकाळच्या पारी जरा खरखरतंय."

"लाईनचा दोष असेल. आवाज नीट येतो का?"

"आवाज? ह्या गावातनं निघालं की फुडच्या गावाला कळतंय."

कारकून खूश झाले. "तुमचं जुनं म्हणजे फिरवायचं असेल ना?"

तात्यांनी मनातल्या मनात स्टेअरिंग धरून पाहिलं. "व्हय. फिरवायचंच."

"आता ती भानगड गेली. नवीन आलंय ते नुसतं दाबायचं."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. विज्ञान कुठल्या कुठं गेलं होतं! मागून आईनं हळूच विचारलं, "ढकलायला तर लागायचं न्हाय न्हवं?"

"अहो मावशी, ढकलताय कशाला? एका बोटानं चालतं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही. तिनं पदरानं डोळे टिपले आणि मनातल्या मनात बहुतेक पळसदेवला जाऊनही आली.

"आणा आत," कारकून म्हणाले, "आणि ठेवा ह्या टेबलावर."

तात्यांनी टेबलाकडं पाहिलं. मग दाराकडं. मग पुन्हा टेबलाकडं.

"साहेब, टेबलावर घ्यायची म्हंजी पाचसहा माणसं लागतील. आन दारातनं काय ती यायची न्हाय."

कारकून उठून खिडकीपाशी गेले. फाटकात आमची मोटार हळद-कुंकू लावून उभी होती. पुढचं मला नीट आठवत नाही, कारण सगळी रांग एकदम हसायला लागली आणि मी भिंतीवरची सूचना वाचायला लागलो. ती इंग्रजीत होती, त्यामुळं बराच वेळ पुरली. रांगेतल्या एका भल्या माणसानं डोळे पुसत सांगितलं, की गाड्यांचा मेळा गावाच्या दुसऱ्या टोकाला मैदानात आहे, पळा लवकर.

लवकर कसले पळतो? आधी गाडी फाटकातून निघायला हवी. तिला तापलेल्या इंजिनाचं वावडं होतं. आई रेटून रेटून घामाघूम झाली तेव्हा कुठं ती सुरू झाली. मैदानात पोचलो तर मांडव उतरवत होते. एक माणूस सतरंज्या गुंडाळत होता.

"संपलं," तो म्हणाला.

तात्या खाली बघत पुटपुटले, "फुडल्या वर्षी बघू."

आई पुढं आली, माझ्या बाजूचं दार उघडून माझ्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. एव्हाना गाडी बंद पडलीच होती.

"अगं, ढकलायची हाय," तात्या म्हणाले.

"ह्यो हाय की," आई म्हणाली. "एवढा शिकलाय."

मी मागं गेलो. डिकीला हात लावले आणि रेटलं. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, तात्यांचं आणि आईचं. इतकी वर्षं आईला तिथं माझं डोकं दिसत असणार. मी एकदाही मागं वळून बघितलेलं मला आठवेना. तेवढ्यात सायलेन्सरनं तोंडावर धूर सोडला आणि गाडी निघाली. मी गाडीमागं चांगला लांबवर पळालो. आई मात्र मान वळवून बघत होती, सगळा वेळ.

भाऊबीजेला गाडी पळसदेवच्या तोंडाशी बंद पडली, आणि मी ती मामाच्या दारापर्यंत नेली. आई सावकाश उतरली. साडीला सुरकुती नाही, कपाळाला घाम नाही. सगळ्यांनी बघावं म्हणून दार धरून जरा उभीही राहिली. मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई हसली, आणि तिच्याकडं बघून तात्यांनी घसा खाकरला.

"काय दाजी," मामा म्हणाला, "गाडी बदलायला गेला हुता म्हणं. जमलं न्हाय व्हय?"

"जमलं की," तात्या म्हणाले. "गाडी तीच ठिवली. ढकलणारं तेवढं जुनं देऊन नवं घेतलं."

मामा मागं आला. मी डिकीवर आडवा पडून श्वास शोधत होतो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"दाजी," तो म्हणाला, "फशिवलं तुमाला. जुनंच बरं हुतं."