शिशाचा नाद

माझ्या नवऱ्याला गरवायचा नाद होता. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "दारू पिणा नाय, पत्ते खेळणा नाय. पण गरी घेवन बसलो काय जेवक हाक मारून उपयोग नाय." गरी म्हणजे गळ आणि दोर. गावी होता तेव्हा खाडीवर बसायचा, मुंबईत आल्यावर वरळीच्या खडकांवर. आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. गिरणीला सुट्टी असली की सकाळीच पिशवी घेऊन चालत निघायचा आणि ऊन डोक्यावर आलं की एखादा शिंगाळा मासा, नशीब असलं तर तांबोशी घेऊन यायचा.

गळाच्या दोरीला शिशाचं वजन बांधावं लागतं, नाहीतर लाट गळ परत आणून टाकते. ही वजनं खडकात अडकायची आणि दोर तुटून समुद्रात राहायची. म्हणून तो ती घरीच ओतायचा. गिरणीच्या वर्कशॉपमधल्या एका मित्राने त्याला लोखंडाचा साचा करून दिला होता, वहीसारखा उघडणारा, आत बोराएवढे खड्डे. नवरा स्वतः गिरणीत साचेखात्यात होता, कापड विणायचे साचे, म्हणजे माग, चालवायचा. चाळीतले लोक हसायचे, "दिवसभर साचे पुरत नाहीत वाटतं याला!" गॅलरीत शेगडी पेटवून तो जुन्या लोखंडी पळीत शिशाचे तुकडे ठेवायचा. बघता बघता त्यांचं पाणी व्हायचं. वर राखाडी साय धरायची, ती बाजूला सारून तो बारीक धारेने साच्यात ओतायचा. साचा उघडला की आतून चकचकीत गोळ्या निघायच्या. मीही भाकऱ्या टाकायच्या सोडून बघत उभी राहायचे. खोटं कशाला बोलू, छान दिसायचं ते.

मग गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. बायका म्हणायच्या, बरं झालं, घरातले पुरुष दिवसाउजेडी दिसले तरी. पण महिने गेले. चाळ रिकामी व्हायला लागली. ज्याला गाव होतं तो गावी गेला. मीही मुलीला घेऊन गेले. त्याला किती सांगितलं, तुम्हीही चला.

"आणि मागे गिरणी सुरू झाली तर? हजेरीला मी नको?"

गणपती करून मी परतले. मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं होतं. दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला, घशात बसणारा, आंबट. शेगडी खोलीत आली होती. गॅलरीतल्या धुराची शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून त्याने ती आत, मोरीजवळ आणली होती. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटी कुठल्याशा गॅरेजमधून मागून आणून तो वितळवत होता. डब्यांत गोळ्या, बादलीत गोळ्या, पलंगाखाली गोळ्या. पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर बोट फिरवलं तर राखाडी भुकटी लागली.

"एवढ्या कशाला हो? किती मासे मारणार?"

"टाईम जातो गो."

गरवायला जाणं त्याने सोडलंच होतं. नुसता ओतत बसायचा. गोळीला जरा कुठे खड्डा दिसला की पुन्हा पळीत. लहान गोळ्यांना चीर असायची. ती तो दाताने दाबून बघायचा, दोरीवर नीट बसते का. त्याच हाताने तंबाखू मळायचा. मी खोली धुऊन काढली, हंडा घासला, दुसऱ्या दिवशी परत तेच.

एकदा मी साचा तांदळाच्या डब्यात लपवला. त्याने विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. दुपारी जेवला नाही, संध्याकाळी गिरणीच्या गेटवरच्या सभेलाही गेला नाही. मी बोलले, रागावले, रडले. शेवटी म्हणाला, "सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या हातातून काहीतरी बाहेर पडू दे. एवढंच." मी डब्यातून साचा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. दुसरं काय करणार होते? माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं कुठलं काम होतं?

दिवाळीच्या सुमाराला त्याचं पोट दुखायला लागलं. साधं नव्हे, गुडघे छातीशी घेऊन लोळायचा. परसाकडला होईना. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे संपाचं पोट आहे. रोज असे दहा येतात." गोळ्या दिल्या. शेजारणीने ओवा दिला, कोणी एरंडेल सांगितलं. तो बारीक होत गेला, चेहऱ्यावर फिक्कट मातकट रंग चढला. पण चाळीत तेव्हा सगळेच बारीक झाले होते. कोणाकडे बघून काय ओळखायचं?

एके दिवशी मी चहा दिला आणि ग्लास त्याच्या हातातून पडला. मला वाटलं, गरम असेल. त्याने उजवा हात पुढे धरला. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता, पाणी न मिळालेल्या रोपासारखा.

"वर कर ना," मी म्हटलं. घाबरले की मी त्याला अरेतुरे करायचे.

"करतोय," तो म्हणाला. "करतोय गो. होत नाय."

मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने त्याचा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते, मला कधी दिसली नव्हती.

"काम काय करता? रंगाचं? बॅटरीचं?"

"गिरणीत. साचेखात्यात."

"गिरण्या तर बंद आहेत. मग घरी काय करता?"

 मीच म्हटलं, "शिसं वितळवतात. गळाच्या गोळ्या ओततात."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "विकायला?"

"नाही हो," मी म्हटलं. "नाद म्हणून."

तिने समजावून सांगितलं, शिसं धुरातून, हातातून, तोंडातून पोटात जातं आणि नसा धरतं. त्याला दाखल करून घेतलं. पोटाचं दुखणं थांबलं. हाताला फळीचा आधार बांधला. मी विचारलं, हात येईल ना? ती म्हणाली, "थोडा येईल. किती, ते मी आज सांगू शकत नाही." माझंही रक्त तपासलं. मुलगी गावी आहे म्हटल्यावर म्हणाली, "तिला सध्या आणूच नका."

त्याला घरी आणल्यावर मी शेगडी, पळी, साचा, गोळ्यांचे डबे सगळं गोणत्यात भरलं. टाकणार कुठे? गटारात नको, असं डॉक्टरीणबाईने बजावलं होतं. वरळी कोळीवाड्यातला त्याचा ओळखीचा एक म्हातारा गोळ्या जाळ्यांना लावायला म्हणून सगळं गोणतं घेऊन गेला. जाताना खूश होऊन म्हणाला, "हात चांगला आहे हां याचा, एकसारख्या आहेत सगळ्या." तो पलंगावर बसून ऐकत होता.

पुढे काही गिरण्यांनी माणसं आत घ्यायला सुरुवात केली. त्याच्या गिरणीचाही निरोप आला. त्या सकाळी शर्टाची बटणं मी लावली. बोटं जरा वर यायला लागली होती, म्हणून दोघांनाही आशा होती. साचेखात्यात तुटलेला धागा चालत्या कामात बांधावा लागतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिथल्या माणसाने त्याच्या हातात धाग्याची दोन टोकं दिली. किती वेळ प्रयत्न केला ते त्याने मला सांगितलं नाही. दुपारच्या आत घरी आला, चपला नीट भिंतीला लावून ठेवल्या आणि म्हणाला, "पाणी दे."

ज्यांचे हात धड होते त्यांचंही पुढे फार भलं झालं नाही, ती गिरणी काही वर्षांत कायमची बंद पडली. पण त्या दिवशी आम्हाला ते कुठे ठाऊक होतं. मी परळला एका पाळणाघरात कामाला लागले. तो घरी डाव्या हाताने भात लावायला शिकला.

खोलीच्या भिंती खरवडून चुना मारल्यावर मुलीला आणलं. एवढे दिवस आजीजवळ राहिल्यामुळे ती आधी त्याच्याजवळ जाईना. मग एका संध्याकाळी त्याच्या मांडीवर बसून तिने तो पंजा उचलला, सोडला, परत उचलला.

"बाबा, हाताला काय झालं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते.

"गिरणीत लागलं," तो म्हणाला.

 आजही तिला तेवढंच माहीत आहे.