आमची खतवाली मंडळी

कुठल्याही धंद्यात चार माणसं एकत्र आली की किस्से आपोआप जमायला लागतात. आमचा धंदा तर ओल्या कचऱ्याचा! रोज कुणी ना कुणी नाक मुरडतं, कुणी ना कुणी भांडतं, आणि संध्याकाळी शेडमध्ये चहा पिताना ते आठवून आम्ही पोट धरून हसतो. माझा नवरा म्हणतो, "तुमच्या कंपनीत खतापेक्षा गप्पाच जास्त तयार होतात." खोटं नाही ते.

आधी माणसं सांगते. नंदिनी ही आमची फाउंडर. बोईसरला औषध कंपनीच्या लॅबमध्ये चांगली नोकरी होती, ती सोडून हिने भाईंदरचा ओला कचरा पोटाशी धरला. हितेशभाई तिचा पार्टनर. आधी स्टीलची भांडी विकायचा, आता आमचं सेल्स बघतो. मोरेश्वरकाका भाईंदरजवळच्या राई गावचे. त्यांच्या जागेत आमची शेड. आणि मी वैशाली, नंदिनीच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारी. ऑफिसचं काम बघायला म्हणून आले आणि अडकले.

काम सोपं आहे. सोसायटीत झाकणाच्या लाकडी पेट्या ठेवायच्या, त्यात लोकांनी ओला कचरा टाकायचा, आम्ही त्याचं खत करायचं. पहिली मोठी सोसायटी मिळाली भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्या तिच्याकडे बघून ठरवणार होत्या. ती टिकली तर आम्ही टिकलो. ती गेली तर नंदिनी परत बोईसरला! हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

*

सुरुवातीलाच एक साहेब शेड बघायला आले. पर्यावरणाच्या कामाला पाठबळ देणारे. पांढरे शुभ्र बूट, एकट्यासाठी भलीमोठी गाडी, हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली. आल्या आल्या म्हणाले, "सस्टेनेबिलिटी इज अ माइंडसेट." मोरेश्वरकाका त्यांच्या बुटांकडेच बघत होते.

नंदिनीची एक सवय आहे. कुणीही पाहुणा आला की त्याला तयार खताचा वास घ्यायला लावते. "घ्या ना, अजिबात घाण येत नाही!" टेबलावर दोन सारखे डबे होते. तिने न बघता एक पुढे केला. साहेबांनी चिमूट घेतली, डोळे मिटले, लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "वाव! जंगलात गेल्यासारखं वाटतंय. व्हेरी अर्दी!"

पाच मिनिटं ते त्या वासावर बोलले. मी हितेशभाईकडे बघितलं, हितेशभाईने माझ्याकडे बघितलं. साहेबांच्या हातात होती आमची चहाची पत्ती!

दुसरा डबा काका मघाशीच आत घेऊन गेले होते, ते तेवढ्यात सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. साहेब म्हणाले, "चहापण छान आहे, वेगळाच आहे!"

हितेशभाईने त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

मोरेश्वरकाकांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. आता ती गेली, पण मिठावरचा विश्वास काही गेला नाही. दात दुखला, मीठ. पाय मुरगळला, मीठ. नवीन गाडी आणली, तिच्यावरून मीठ.

एकदा शेडमधला एक ढीग काही केल्या खत व्हायला तयार होईना. नंदिनीने थर्मामीटर खुपसला, ओलावा बघितला, तिच्या जुन्या लॅबमधल्या मैत्रिणींना फोन केले. रात्रंदिवस तोच विषय. माझ्याकडे जेवायला बसली तरी ताटातल्या भाताकडे बघून म्हणायची, "ताई, हा भात तिथे का कुजत नाहीये?" माझ्या सासूबाईंनी तो भात परत पातेल्यात ओतला.

शेवटी एके दिवशी काकाच सहज म्हणाले, "वास येऊ नये म्हनून मी जरासा मीठ टाकतंय रोज."

नंदिनी पुतळ्यासारखी उभी. "मीठ? काका, मीठ?"

"मंग? मीठ टाकल्याबिगर कंचीच वस्तू टिकत न्हाय."

"काका, आपल्याला ते टिकवायचं नाहीये, कुजवायचंय!"

काका टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आवो मंग तसा आधी सांगायचा ना! कुजवाय कोन पगार देतंय, मना काय ठावं?"

*

त्या मोठ्या सोसायटीसाठी आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. कुठला कचरा ओला, कुठला सुका, शंका असेल तर फोटो टाका, आम्ही उत्तर देऊ. उत्तर द्यायचं काम हितेशभाईकडे. माणूस पक्का जैन, घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही.

पहिल्याच रविवारी बी विंगच्या पाटीलकाकूंनी फोटो टाकला. ताटभर चिंबोऱ्यांची कवचं, वर एक नांगी सलामी दिल्यासारखी उभी. खाली प्रश्न: "हे ओलं की सुकं?"

सी विंग सगळी शाकाहारी. अर्ध्या तासात निम्मी सी विंग ग्रुपमधून बाहेर! हितेशभाईचं जेवण ताटातच राहिलं. तरी माणूस धंद्याचा. त्याने अदबीने लिहिलं, "काकू, ओला. पण प्लीज, यापुढे फोटो नको, वर्णन लिहून पाठवा."

काकू शाळेत मराठी शिकवायच्या. पुढच्या रविवारी त्यांनी सुरमईचं वर्णन पाठवलं. बाजारात डोळे कसे चमकत होते इथपासून सुरुवात. मग खवले, मग कल्ले, मग पोट चिरल्यावर काय काय निघालं. अख्खे तीन परिच्छेद, आणि भाषा इतकी जिवंत की वाचताना हाताला वास लागावा.

बऱ्याच वेळाने हितेशभाईचं उत्तर आलं: "फोटोच ठीक हता, काकू."

*

मग नंदिनीला एक पुरस्कार मिळाला. महिला उद्योजक, हरित नेतृत्व वगैरे वगैरे. मोठा हॉल, स्टेजवर प्लास्टिकची झाडं, थर्माकोलची पृथ्वी. नंदिनीने आईची पैठणी नेसली होती, आणि खरं सांगते, इतकी छान दिसत होती की मला भरून आलं. या मुलीने काय काय ऐकून घेतलंय ते मी बघितलंय. "एवढं शिकून कचरा?" हे तर रोजचं.

भाषणं झाली, टाळ्या झाल्या, काचेची ट्रॉफी मिळाली. जेवणाच्या वेळी बाईसाहेब गायब! शोधत मागे गेले तर ही केटररच्या माणसाशी बोलत उभी. उष्टं कुठे टाकता, साली कुठे टाकता, देता का मला?

शेवटी आम्ही रिक्षात बसलो तेव्हा एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये भाज्यांच्या सालींचा हा मोठा डबा. रिक्षावाला चक्रावला. त्याने ट्रॉफी उचलली आणि विचारलं, "मॅडम, ये काच का आयटम किधर रखूँ?"

"पीछे डाल दो कहीं भी," नंदिनी म्हणाली. "डब्बा सँभालके!"

*

इकडे सोसायटीत कुरबुर सुरू झाली होती. चेअरमन प्रधानसाहेब. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. माणूस वाईट नाही हो! स्वतःचा कचरा इतका नीट वेगळा करायचे की टोमॅटोची सालसुद्धा धुऊन टाकतील. पण पेट्या त्यांच्या खिडकीच्या मागच्या भिंतीलगत, आणि त्यांना वास यायचा. इतर कुणाला यायचा नाही, त्यांना यायचा.

हितेशभाईने यावर आपला उपाय काढला. रोज सकाळी पेटीच्या कडेला गुलाबाची अगरबत्ती लावायला लागला. झालं! चौथ्या दिवशी पेटीवर हळदकुंकू. पाचव्या दिवशी जास्वंद. आठवड्याने तर कुणीतरी नारळ ठेवून गेलं. ए विंगच्या एक आजी येता-जाता पेटीला हात जोडायच्या.

नंदिनी लालबुंद! तिचे बाबा नांदेडकडचे. रेल्वेत नोकरी केली, घरात बुद्धवंदना, आणि अंधश्रद्धेला उंबऱ्याच्या आत जागा नाही. त्यांना हे कळलं तर? आणि नेमके त्याच दिवशी बाबा लेकीचं काम बघायला आले. उभे राहिले पेटीसमोर. आजी आल्या, हात जोडले, गेल्या.

नंदिनी घाईघाईने म्हणाली, "बाबा, मी आजच बंद करते हे."

बाबा जाणाऱ्या आजींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझी आई गाव झाडायची. तिला लांबून भाकर टाकायचे लोक. आज इथं कचऱ्याला हात जोडायलेत. जोडू दे की, बाई."

माझे तर डोळेच भरले. मग बाबांनीच वाकून नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला आणि म्हणाले, "हा मात्र घरी घेऊ. चांगलं पाणी आहे."

*

आणि मग ती मीटिंग.

सोसायटीची वार्षिक सभा. अजेंड्यावर विषय क्रमांक चार: ओल्या कचऱ्याच्या पेट्या हटवणे. प्रधानसाहेबांनी स्वतः मांडलेला. आम्हाला बोलायला बोलावलं होतं, पण सेक्रेटरीने आधीच हितेशभाईच्या कानात सांगितलं होतं की मतं फिरलीत, आशा ठेवू नका. आदल्या दिवशी नंदिनीने बोईसरच्या जुन्या साहेबांना फोन केला होता. जागा आहे का, म्हणून. मला कळू दिलं नाही, पण आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत.

सकाळी पोहोचलो आणि नंदिनी सवयीने आधी मागच्या भिंतीकडे गेली. पेट्या नाहीत! जागा मोकळी, फरश्या उखडलेल्या. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "ताई, सभेच्या आधीच टाकल्या गं यांनी."

मी तणतणत वॉचमनकडे गेले. "पेटी किधर गया?"

"मॅडम, पाइप का काम निकला ना, तो कल शाम को पार्किंग में रखवा दिया," तो म्हणाला आणि मग एकदम आवाज खाली आणला. "लेकिन सुबह मंडपवाला आया. उसका स्टेज का तख्ता आया नहीं. तो उसने..." त्याने पार्किंगकडे नुसती हनुवटी उडवली.

आम्ही पार्किंगकडे बघितलं. समोर खुर्च्या मांडलेल्या, सगळी सोसायटी बसलेली. आणि पुढे कमिटीसाठी छानपैकी बैठक! लाल गालिचा, त्यावर गादी, पांढरी चादर, लोड. गालिच्याच्या एका कोपऱ्यातून पेटीची कडी डोकावत होती. वर, लोडाला टेकून, प्रधानसाहेब!

हितेशभाई खुर्चीत बसला तो रुमाल तोंडात कोंबूनच. मी नंदिनीचा हात घट्ट धरला. "काही बोलू नकोस," मी म्हटलं. "सोहळा होऊ दे."

विषय एक झाला, दोन झाला, तीन झाला. चौथ्याला साहेब सावरून बसले. आमची काय धुलाई केली म्हणता! वर्षभर नरकयातना. खिडकी उघडता येत नाही. सुनेला मळमळतं. नातवाला शिंका. अगरबत्तीने तर दुप्पट त्रास. बोलता बोलता ते लोडावर रेलले, छाती भरून श्वास घेतला आणि हात पसरून म्हणाले, "आज बघा! इथे बसून किती प्रसन्न वाटतंय! का? कारण आज आपण त्या पेट्यांपासून लांब बसलोय!"

टाळ्या. खरंच टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या, पेटीला हात जोडणाऱ्या आजींनीसुद्धा वाजवल्या.

"आता कंपनीच्या मॅडम," साहेब म्हणाले. "दोन मिनिटांत आटपा."

नंदिनी उठली. तिच्या फाइलमध्ये तक्ते होते, फोटो होते, तापमानाचे आकडे होते. फाइल तिने माझ्या मांडीवर ठेवली. पर्समधून रबरी हातमोजे काढले, शांतपणे चढवले, आणि सरळ बैठकीपाशी जाऊन गालिच्याचा कोपरा वर केला.

"साहेब, जरा सरकता का?" ती म्हणाली. "तुमच्याखालची पेटी ढवळायची वेळ झालीये."

प्रधानसाहेबांनी आधी नंदिनीकडे बघितलं. मग उघड्या पडलेल्या कडीकडे. मग समोर बसलेल्या सगळ्या सोसायटीकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मग लोड उचलला, सावकाश शेजारच्या पेटीवर सरकले, त्याच लोडाला टेकले आणि अजेंड्याचं पान उलटून म्हणाले,

"विषय क्रमांक पाच. लिफ्ट!"