सांडपाणीमुक्त गावाचं कर्ज

आपल्या मोरीतून बाहेर पडलेलं पाणी जातं कुठं, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर पडला. शाळेत मी वर्षानुवर्षं जलचक्र शिकवलं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, सगळं फळ्यावर बाणांसकट. आमच्या मोरीचा बाण मात्र कधी काढला नव्हता.

निमित्त ग्रामपंचायतीचं झालं. पैठण रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडच्या फाट्यावरून आत आमचं गाव. सरकार गावांना कमी व्याजानं कर्ज देतंय, त्यातून बंद गटार घालायचं, सांडपाणी गावाबाहेरच्या तळ्यांत नेऊन निवळायचं आणि शेतांना द्यायचं, असं सरपंच सांगत होते. फेड घरटी दरमहा पट्टी भरून करायची. पारावर लगेच दोन तट पडले.

"नळाची पट्टी भरतोच की. आता घाण पान्याचीबी भरायची?" मेंढरं राखणारे एक आजोबा म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. आमच्या वरच्या गल्लीत कुठं पाणी साचत नव्हतं. मग एवढं पाणी जातं तरी कुठं? हे एकदा डोक्यात शिरलं आणि मला चैन पडेना.

एका दुपारी, गटार संथ असताना, मी पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ काढली. अख्खी बाटली बादलीत कालवून मोरीत ओतली आणि चपला घालून तिच्या मागं निघाले.

"बाई, काय हरवलं का?" शेजारणीनं विचारलं.

"पाणी," मी म्हणाले. तिनं कपाळावर हात मारला.

निळी रेघ देवळामागून गेली, दुकानाच्या ओट्याखालून गेली, शाळेच्या कुंपणाला वळसा घालून उताराला लागली. वाटेत आणखी घरांच्या मोऱ्या तिला मिळाल्या. ती फिकी पडत गेली, पण संपली नाही. गावाच्या खालच्या टोकाला बौद्ध वस्ती आहे. तिथल्या शेवटच्या घरापुढं आमचं गटार संपतं. गटार संपतं, पाणी नाही. माझी नीळ त्या घराच्या उंबऱ्यासमोरच्या डबक्यात पसरली होती.

ते घर मावशींचं. आमच्या शाळेत त्यांनी खिचडी शिजवली, मी मुलांना शिकवलं. इतकी वर्षं रोजची भेट. त्यांच्या घरी मात्र मी फक्त जयंतीला जायचे, गल्ली झाडून रांगोळ्या काढलेल्या असताना. आज दारापुढं दगड मांडलेले होते आणि मावशी त्यांवर उभ्या राहून डबक्याकडं बघत होत्या.

"हे निळं पानी तुमचं व्हय, बाई?"

"माझंच."

"मंग बरं. मला वाटलं कंपनीचं आलं का काय!" त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

चहा पिताना त्यांनी सांगितलं, मुलगा शहरात क्रांती चौकाजवळ खोली घेऊन राहतो, सारखा बोलावतो. "मालकानं ह्ये घर सोता दगड वाहून बांधलं. सोडू वाटत नाय. पर नातू रांगायला लागलाय. त्याला हितं आनला तर कुठं सोडू? औंदाच्या पावसात पानी आत आलं, तर मी जानार."

त्या दिवसापासून मी कर्जाच्या बाजूनं बोलू लागले. ग्रामसभेत ठराव कसाबसा पास झाला, प्रस्ताव शहरातल्या कार्यालयात गेला आणि महिन्याभरात परत आला. शेरा असा होता: गावच्याच नोंदीनुसार प्रत्येक घरास शोषखड्डा असून गाव सांडपाणीमुक्त आहे, सबब प्रकल्पाची गरज दिसून येत नाही.

बरोबरच होतं. फाट्यावर तशी पाटीच होती: सांडपाणीमुक्त गाव. शहरात जाताना मी तिच्याखालीच एसटीची वाट बघायचे. ही नोंद केली तरी कुणी, या कुतूहलापोटी मी ग्रामपंचायतीत जाऊन जुनी नोंदवही मागितली. उघडली, तर अक्षर माझं.

मग सगळं आठवलं. कसलाही सर्व्हे आला की तो मास्तरांच्या गळ्यात, हे ठरलेलं. भर उन्हाळ्याचे दिवस होते, वही संध्याकाळपर्यंत द्यायची होती. पहिलं घर तेव्हाच्या सरपंचांचं. त्यांचा सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा मी डोळ्यांनी पाहिला आणि लिहिलं, 'आहे'. दुसऱ्या घरापुढं लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. मग तिसऱ्या, चौथ्या, पानामागून पान, वरीलप्रमाणे. बाकीची वही शाळेच्या व्हरांड्यात बसून भरली आणि सह्यांसाठी फिरवली. शेवटची ओळ मावशींची. तीही वरीलप्रमाणे, आणि पुढं त्यांची सुबक सही.

जुनी नोंद चुकीची आहे असा ठराव आता ग्रामसभेला करावा लागणार होता, आणि पाटीही काढावी लागणार होती. पट्टीपेक्षा पाटीवरूनच जास्त वाजलं. सोयरीक बघायला येणारे पाहुणे पाटी वाचून गावात शिरतात, गावाची अब्रू जाईल, असं एकेक जण बोलू लागला. ठराव बारगळतो असं दिसलं, तेव्हा मी उठले.

"वही मी भरली. एक घर बघितलं आणि बाकीची न बघता लिहिली."

"म्हंजी सरकारी कागद खोटा केला म्हना की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हो," मी म्हणाले. ज्यांना मी खरं बोलायला शिकवलं, तेच आता समोर बाप्ये होऊन बसले होते.

एवढ्यात बायकांमधून मावशी उठल्या. "बाई एकट्या नायत. त्या वहीत माझी सही हाय, आन् मला वाचता येतं. वाचलं, दारातलं पानी बघितलं, आन् तरी सही केली. बाईंनी लिवलंय त्याला नाय कसं म्हनायचं, वाटलं." मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "आज म्हनते, नाय. आमच्याकडं खड्डा नाय. तुमचं पानी हाय."

पहिला हात मेंढरंवाल्या आजोबांनी वर केला. "काढा ती पाटी," ते म्हणाले.

नवा सर्व्हे मी मागून घेतला आणि खालच्या टोकाकडून सुरू केला. मावशींच्या घरी वही त्यांच्याच पुढ्यात ठेवली. 'सांडपाणी कुठे जाते' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वरच्या आळीचं इथं येतं. आमचंही इथंच राहतं.' मग पेन माझ्याकडं दिला. "आता तुमी सही करा, बाई." मी वाचलं, बाहेर जाऊन डबकं पाहिलं आणि सही केली. पुढं प्रत्येक घराची मोरी वाकून पाहिली. कंबर धरली, पण वरीलप्रमाणे एकदाही लिहिलं नाही.

कर्ज मंजूर झालं. वरच्या आळीनं गृहीतच धरलं होतं की काम आपल्याकडून सुरू होणार, कारण नळ, दिवे, सिमेंटचा रस्ता, सगळं वरूनच आलं होतं आणि वस्तीच्या अलीकडं संपलं होतं. कामावर आलेली इंजिनिअर पोरगी म्हणाली, "गटाराचा पाइप खालून वर टाकत आणतात. नाहीतर पाणी सोडणार कुठं?" पावसाच्या आधी पहिला चर मावशींच्या दारापुढं खणला गेला. मावशी गेल्या नाहीत. उलट मुलगाच चार दिवसांची सुटी काढून बायको-पोरासकट येऊन गेला.

आमच्या गल्लीपर्यंत पाइप यायला अजून अवकाश आहे. तोवर मी भांड्यांचं, धुण्याचं पाणी बादलीत धरते आणि परसातल्या केळींना घालते. शेजारीण हसते. मावशींनी तसं काही सांगितलेलं नाही. पण आपलं पाणी कुठं जातं ते पाहिल्यापासून मोरीत बादली रिकामी करायला माझा हात धजत नाही.